नाळेच्या तोंडाशी किती वाजता?

कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने अंबरनाथ सोडले की उजव्या हाताच्या खिडकीत मलंगगडापासून माथेरानकडे सरकत जाणारी डोंगररांग दिसू लागते. ताहुली, म्हैसमाळ, चंदेरी. पावसाळ्यात या रांगेच्या अंगावर पांढऱ्या रेघा उमटतात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन त्या रेघा पाहत आम्ही तिघांनी नोकरीची वीस वर्षे काढली. यंदा त्यांपैकी एका रेघेपाशी, चंदेरीच्या नाळेखालच्या धबधब्यापाशी आणि जमल्यास नाळ चढून वरच्या खिंडीपर्यंत, एका दिवसात जाऊन यायचे ठरले आहे. ‘ठरले आहे’ हे क्रियापद आम्ही जरा उदारपणेच वापरीत आहोत; वस्तुतः महिनाभर स्टाफरूममध्ये वाद चालू आहे.

पहिला वाद कोंडेश्वराचा. बदलापूरहून तेथवर रस्ता आहे, शंकराचे देऊळ आहे, धबधबा आहे. मग नाळ चढण्याचा अट्टहास कशाला? परंतु कोंडेश्वराच्या डोहात माणसे बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचून मन विटले आहे, आणि गर्दी वाढली की तेथे मनाई आदेशही निघतात. सोपी वाट म्हणजे सुरक्षित वाट, हे समीकरण या परिसरात तरी टिकत नाही.

दुसरा वाद दिवसाचा, आणि तो खरा. ही रांग ज्वालामुखीच्या लाव्ह्याची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टची. कातळावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. त्यामुळे वर पडलेला पाऊस मुरत नाही, थेट नाळेत उतरतो. खाली ऊन असताना माथ्यावर ढग फुटला तर पाणी काही मिनिटांत वाढते. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात काटक्या-पालापाचोळा वाहू लागणे, आवाज जड होणे : या तीन खुणांपैकी एक जरी दिसली तरी नाळ सोडून बाजूच्या उंच सोंडेवर चढायचे. यावर मात्र आमच्यात मतभेद नाहीत. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी गावात शिरलेली ज्यांनी पाहिली, २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागल्याचे ज्यांना आठवते, त्यांना जुलैचा मोह होत नाही. म्हणून सप्टेंबरचा मधला आठवडा. पाऊस विरळ, धबधबा अजून भरलेला, आणि सूर्यास्त साडेसहाच्या पुढे.

मग वेळेचे गणित. शेवाळलेल्या कातळावरून आणि घसाऱ्यावरून उतरायला चढण्याइतकाच, कधी अधिकच वेळ लागतो. म्हणून पहाटेची लोकल, आणि दुपारी एक वाजता असू तेथून परत. मग खिंड शंभर पावलांवर का असेना. माथ्याच्या सुळक्याचा विचारही नाही. ते दोराचे आणि जाणकारांचे काम.

येथे थोडे विषयांतर. नाळ, घळ, सोंड, पदर, खिंड, घसारा, कातळ : हे नियोजन करताना जे शब्द आम्ही सहज वापरले त्यांतला एखाददुसराच आमच्या वर्गात कधी उच्चारला गेला असेल. बालकवींची ‘निर्झरास’ आम्ही वर्षानुवर्षे शिकविली, तिच्यातल्या चेतनगुणोक्तीवर प्रश्नही काढले. पण निर्झर जेथून येतो त्या जागेला काय म्हणतात, हे एकाही विद्यार्थ्याला आम्ही विचारले नाही. गंमत अशी की वालधुनीही याच रांगेतून निघते. अंबरनाथच्या शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या शिवमंदिराला वळसा घालते आणि उल्हासनगरात पोहोचेपर्यंत काळी होते. आमच्या मुलांना ती नाला म्हणूनच ठाऊक आहे.

म्हणूनच दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी ‘आम्हीही येतो’ म्हटले तेव्हा होकार देण्याचा मोह फार झाला. नकार दिला. चाळीस जणांची रांग नाळेत वळवायची म्हटली तर वीस मिनिटे जातात, आणि पाणी तेवढी सवड देत नाही. मुले रागावली आहेत. त्यांच्यासाठी डिसेंबरमध्ये, कोरड्या नाळेतून, वेगळा बेत करू.

राहिला आमच्यातल्या तिसऱ्याचा प्रश्न. गेल्या वर्षी त्याची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे, चढायला ‘बेताने’ म्हटले आहे, आणि या ‘बेताने’चा अर्थ आम्ही तिघे तीन प्रकारांनी लावतो. वहिनींचा अर्थ चौथा. ‘तू धबधब्यापाशी थांब, आम्ही खिंडीपर्यंत जाऊन येतो’ असे सुचविले तेव्हा तो काही बोलला नाही. तास आहे म्हणून उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने कागदावर लिहून आणले : सर्वांत पुढे मी चालेन, माझ्या वेगाने, धाप लागली की सगळे बसतील, गोळ्या दोघांच्याही खिशात असतील, आणि मी ‘परत’ म्हटले की कोणी कारण विचारायचे नाही.

आम्ही तो कागद दोनदा वाचला. पुढे तो चालला तर एकपर्यंत खिंड गाठणे होणार नाही, हे तिघांनाही दिसत होते. वहिनींना दाखविला तेव्हा त्यांनी शेवटच्या अटीखाली एक ओळ स्वतः वाढविली : धबधब्यापाशी पोहोचल्यावर, आणि तेथे रेंज नसेल तर पहिल्यांदा मिळेल तेथून, फोन. तारीख आता रविवारची आहे, १३ किंवा २०. हवामान खात्याचा अंदाज पाहून शुक्रवारी ठरेल.