मुलगा होवो वा मुलगी, नाव बोधी

आमच्या वस्तीत बाळ जन्माला आले की नाव सुचवा म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी काही पंडित नव्हे. बी. कॉम. होऊन कारकुनी करणारा माणूस. परंतु विहाराच्या कामात पडल्यापासून एक वही ठेवली आहे. त्रिपिटकातले, बौद्ध इतिहासातले चांगले नाव वाचनात आले की अर्थासह टिपून ठेवायचे, ही कारकुनाची खोड. वहीच्या पुढच्या बाजूने मुलांची नावे, मागच्या बाजूने मुलींची.

माझी भाची सातव्या महिन्यात घरी आली आणि म्हणाली, "मामा, वही काढा. मुलगा होवो नाहीतर मुलगी, आम्हाला एकच नाव ठेवायचंय. आम्ही दोघांनी ठरवलंय." मी म्हटले, असे कसे होईल? पण पाने चाळता चाळता 'बोधी' या नावावर तिचे बोट थांबले. "हेच," ती म्हणाली. मलाही बरे वाटले. सम्यक, सुगत ही नावे आता घरोघर झाली आहेत. सम्यक म्हणून गल्लीत हाक मारली तर तिघे वळून बघतात. बोधी मात्र वस्तीत एकही नव्हता.

नावाचा विषय निघाला की मला माझ्या आजोबांची आठवण येते. त्यांचे नाव कचरू. आजोबांच्या आधीची दोन भावंडे गेली होती, म्हणून ते नाव ठेवले असे घरात सांगत. वाईट नाव ठेवले की मूल जगते ही समजूत इतर समाजांतही होती, हे खरे. परंतु आपल्या लोकांच्या नावांमागे केवळ ती समजूत नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे आणि शूद्राचे नाव तिरस्कार दाखविणारे असावे, असे स्पष्ट सांगितले आहे. जो ग्रंथ बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला, तो आमच्या आजोबा-पणजोबांच्या नावांत जिवंत होता. दगडू, धोंड्या, उकिरडा अशी नावे शाळेच्या दाखल्यावर आणि गिरणीच्या हजेरीपटावर आयुष्यभर वागवायची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर जन्मलेल्या पिढीत घराघरांतून गौतम, राहुल, सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, यशोधरा ऐकू येऊ लागले. कचरूच्या मुलाचे नाव गौतम झाले. ते माझे वडील. म्हणून आपल्यात नाव ठेवणे ही हौसेची गोष्ट नाही.

असो. भाचीला मुलगी झाली.

दवाखान्याच्या व्हरांड्यातच विहीणबाई म्हणाल्या, "मामा, आता मुलीचं नाव काढा वहीतून. सुजाता, विशाखा, काहीतरी चांगलं. बोधी राहू द्या पुढच्या खेपेला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पहिली नात झाली म्हणून त्यांनी पेढेही वाटले होते. फक्त ते नाव त्यांनी न जन्मलेल्या नातवासाठी बाजूला काढून ठेवले होते, जशी सणाची साडी ट्रंकेत ठेवतात.

आता माझी कबुली. मी त्यांना विरोध केला नाही. "बरं, बघतो," म्हणालो आणि संध्याकाळी वही मागच्या बाजूने उघडली. दुसऱ्या दिवशी चार नावे घेऊन गेलो तेव्हा भाची पडल्या पडल्या एवढेच म्हणाली, "सासूबाईंना काय बोलायचं, मामा? तुम्हीच बोधी हे नाव मुलांच्या पानावर लिहिलं होतं."

ते खरेच होते. विहारात दर रविवारी समतेवर बोलणारा मी, आणि माझ्याच वहीत हा प्रकार! कोणत्या आधारावर मी ते नाव मुलांत घातले, हे मला आठवेना. बोधिसत्त्व पुरुष, बोधिधर्म पुरुष, आजच्या काळात त्रिपिटकाचे इंग्रजी भाषांतर करणारे अमेरिकन भिक्खू बोधी हेही पुरुष, एवढेच डोक्यात असावे. तिकडे अमेरिकेत गेल्या काही वर्षांत बोधी हे नाव बऱ्यापैकी चालते, आणि तेही अधिक करून मुलग्यांना ठेवतात. १९९१ सालच्या 'पॉइंट ब्रेक' नावाच्या इंग्रजी चित्रपटात समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्या दरोडेखोराचे नावही बोधीच आहे. आपल्या धम्मातला शब्द कोठे कोठे फिरून येतो पाहा.

मग मी विहारातली पुस्तके काढून बसलो. 'बुध्' म्हणजे जागे होणे, जाणणे. ज्या धातूपासून बुद्ध हा शब्द आला त्याच धातूपासून बोधी. ज्या पिंपळाखाली तथागतांना बोधी प्राप्त झाली, तो बोधिवृक्ष. (एकटे नाव लिहिताना धी दीर्घ आणि वृक्षाला जोडताना ऱ्हस्व, ही नोंद मी वहीत लाल शाईने केली आहे, कारण निमंत्रणपत्रिकांत हमखास चूक होते.) पाली भाषेत ज्ञान या अर्थाचा हा शब्द मुळात स्त्रीलिंगी आहे. संस्कृतात तो दोन्ही लिंगी चालतो. म्हणजे व्याकरणानेही माझी वही चुकली होती.

त्याहून मोठी गोष्ट थेरीगाथेत सापडली. पाटलिपुत्र नगरात दोन भिक्खुणी होत्या, इसिदासी आणि बोधी. दोघी शीलवान, बहुश्रुत. भिक्षा मागून, जेवून, पात्रे धुऊन त्या निवांत बसल्या असता बोधी इसिदासीला विचारते की, तुझे तारुण्य अजून ओसरले नाही, रूप आहे, मग काय पाहून तू घर सोडलेस? आणि इसिदासी सांगत जाते. ती उज्जयिनीच्या शेठची लाडकी लेक. लग्न झाले, नवऱ्याची दासीसारखी सेवा केली, तरी त्याने टाकली. दुसरे लग्न झाले, तिसरे झाले, तिथूनही तेच. एवढी मोठी कहाणी त्रिपिटकात उरली, कारण कोणीतरी तिला विचारले. विचारणाऱ्या बाईचे नाव बोधी.

आणि पुरुष बोधीही सापडला. मज्झिम निकायात 'बोधिराजकुमार सुत्त' आहे. हा बोधी उदेन राजाचा मुलगा. त्याने भग्ग देशात सुंसुमारगिरीला कोकनद नावाचा नवा महाल बांधला आणि भगवंतांना भोजनाला बोलावले. पायऱ्यांवर पांढरे वस्त्र अंथरले. भगवंत त्यावर पाय ठेवीनात. राजकुमाराने तीनदा विनंती केली. अखेर आनंदाने वस्त्र गुंडाळायला सांगितले. अट्ठकथेत याचे कारण दिले आहे. राजकुमाराला मूल नव्हते. मला अपत्य होणार असेल तर भगवंत या वस्त्रावरून चालतील, असा त्याने मनाशी कौल लावला होता. तथागत कौलाला उभे राहिले नाहीत.

याच सुत्ताच्या शेवटी राजकुमार एक आठवण सांगतो. त्याची आई गरोदर असताना कोसंबीच्या घोषितारामात भगवंतांना भेटली होती. तिने वंदन करून सांगितले होते की, माझ्या पोटी मुलगा असो वा मुलगी, ते बाळ बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जात आहे.

हे वाचले आणि मी पुस्तक घेऊन तसाच भाचीच्या घरी गेलो. रात्रीचे नऊ वाजले होते. विहीणबाई भांडी घासून नुकत्याच टेकल्या होत्या, नात मांडीवर होती. मी पहिल्यांदा माझी चूक सांगितली, मग इसिदासीची गोष्ट सांगितली आणि शेवटी राजकुमाराच्या आईची. त्या मध्ये काही बोलल्या नाहीत. इसिदासीच्या तिसऱ्या लग्नाला मात्र त्यांनी "अगं बाई" म्हटले. मला वाटले, आता वाद होईल. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या आईचं नाव काय होतं?"

मी पुन्हा पान काढले. सुत्तात राजकुमार नुसते 'माझी आई' म्हणतो. नाव नाही.

"बघा," त्या म्हणाल्या. "एवढं मोठं काम केलं तिनं. पोराचं नाव राहिलं, महालाचं राहिलं. तिचं नाही राहिलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. २०११ साली सातारा जिल्ह्यात प्रशासनाने 'नकुशी' म्हणजे नकोशी असे नाव मिळालेल्या अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे दिली होती, ती बातमी मला त्या वेळी आठवली. पण मी ती बोललो नाही. ज्या बाईने पेढे वाटले तिला ती बातमी कशाला ऐकवायची?

पुढच्या पौर्णिमेला विहारात नामकरण झाले. त्रिशरण-पंचशील झाल्यावर भन्तेजींनी आजीलाच नाव सांगायला लावले. त्यांनी माइकपुढे तोंड नेऊन "बोधी" म्हटले आणि लगेच मागे सरल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले, "मुलगा का?" तेव्हा त्या परत पुढे आल्या. "मुलगी आहे. दोघांचंही असतं ते नाव."

हा प्रश्न पुढेही सुटणार नाही, हे उघड आहे. लसीकरणाच्या कार्डावर नाव ऐकून एका परिचारिकेने 'मुलगा' असे लिहिलेच. भाचीने तिथल्या तिथे खोडायला लावले. मी तिला सांगून ठेवले आहे की, प्रत्येक कागद हातात आल्याबरोबर वाचायचा, घरी येऊन नाही. पन्नास रुपयांची चूक दुरुस्त करायला पाच हजारांचे हेलपाटे पडतात, हे मी टेबलाच्या या बाजूने रोज पाहतो.

जन्माचा दाखला आणायला मीच गेलो होतो. १ मे २०२४ पासून आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम शासनाने ठरवून दिला आहे. दाखला घेऊन घरी आलो. विहीणबाईंना वाचता येते, पण चष्मा सापडत नव्हता. "वाचा," म्हणाल्या. मी वाचले. बोधी, त्यानंतर त्यांच्या सुनेचे नाव. त्यांनी तो कागद हातात घेतला, दुसऱ्या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "हे तिचं?"

मी हो म्हटले. त्यांनी सुनेला हाक मारली.