एक लिटर माउथवॉश

मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग झाल्याचं सांगितलं तेव्हा अप्पांचा पहिला प्रश्न होता, "बोटीत भाकरी मिळतंय का?" अफझलपूर तालुक्यातल्या आमच्या करजगीत मराठी अशीच बोलतात, कानडीच्या चालीवर. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही, पण तिनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. बाहेरचं खाणं जहाजावर चालत नाही, हे मला नंतर कळलं. ती चटणी तपासणीतून कशी सुटली, देव जाणे. सुटलं नाही ते दुसरंच.

आम्ही कॉलेजचे तीन मित्र, तिघांची कुटुंबं आणि माझ्याबरोबर अप्पा. निघायच्या आधी आठवडाभर ग्रुपवर एकच चर्चा: जहाजावर एका पेगला जे पैसे लागतात त्यात बाहेर अख्खी क्वार्टर येते, मग आपली आपण का नेऊ नये? अमेरिकेत राहून आलेल्या एकानं युक्ती सांगितली. माउथवॉशची बाटली रिकामी करायची, व्हिस्की भरायची, खायचा हिरवा रंग टाकायचा. तिघेही बीई. हे डोकं सेमिस्टरला लावलं असतं तर डिस्टिंक्शन मिळालं असतं.

आता खरी गोष्ट सांगतो. ती बाटली मी माझ्या बॅगेत ठेवली नाही, अप्पांच्या बॅगेत ठेवली. म्हाताऱ्या माणसाची बॅग कोण उघडतंय, असा हिशेब. अप्पांना सांगितलं नाही.

बॅलार्ड पियरला मोठं सामान टॅग लावून आपल्याकडून घेतात, एक्स-रेमधून काढतात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात आणून ठेवतात. आमच्या सगळ्या बॅगा आल्या, अप्पांची आली नाही. तिच्याऐवजी एक चिठ्ठी आली: सिक्युरिटी काउंटरवर यावे.

हे नियम मी नंतर घरी बसून वाचले. आधी वाचायला हवे होते. तुमच्यापैकी पुष्कळ जण सिंगापूरहून किंवा अमेरिकेतून क्रूझ करतात म्हणून सांगतो. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल चढायच्या दिवशी प्रत्येक सज्ञान प्रवाशाला ७५० मिलीची वाइनची एक सीलबंद बाटली हातातल्या सामानात आणू देतात. डिस्ने बियरही थोडी चालवून घेते. व्हिस्की-रम मात्र तिन्हीकडे नाही. वाटेतल्या बंदरात बाटली घेतलीत तर ती चढताना जमा होते आणि शेवटी परत मिळते. परदेशातून येताना भारतीय कस्टम्स माणशी दोन लिटर सोडतं, त्या हिशेबात आपण जहाजही धरतो, पण जहाजाचा कायदा वेगळा. आणि गोव्यात स्वस्त मिळते म्हणून तिथली बाटली विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हा गुन्हाच. नियम बदलतात, तिकीट काढताना बघून घ्या.

जहाजाला तुमच्या बाटलीचं एवढं वाकडं का? एक तर धंदा. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि बार, कॅसिनो, दुकानं यांतून कमवायचं, हे गणित उघड आहे. पण दुसरंही कारण आहे. बारमध्ये बारवाला एखाद्याला "आता बस" म्हणू शकतो. केबिनमध्ये कोण किती पितंय ते कुणाला दिसत नाही, आणि बाल्कनीच्या खाली समुद्र असतो. गंमत म्हणजे ब्रिटिश नौदल स्वतःच्या खलाशांना रोज रम वाटायचं. ती प्रथा बंद झाली ३१ जुलै १९७० ला.

काउंटरवर टेबलभर माल पडला होता. कुणाची इस्त्री, कुणाची एक्स्टेन्शन वायर, पाण्याच्या बाटल्यांतली व्होडका. मी, अप्पा आणि माझं बोट धरून माझा सहा वर्षांचा मुलगा. अधिकारी तरुण होता, नम्र होता. "तीन दिवसांच्या सहलीला एक लिटर माउथवॉश?" असं म्हणून त्यानं झाकण उघडलं. वास मलाही आला.

"बॅग कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "माझी. बाटलीबी माझीच. जुनी सवय हाय."

अप्पांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. त्या पोरानं बाटली सिंकमध्ये ओतली, फॉर्म पुढे केला. अप्पांची सही कानडीत आहे. ती त्यांनी सावकाश केली. मी उभा होतो. मुलगा विचारत होता, "आजोबांनी काय केलं?"

इथे आमच्या आज्जाबद्दल सांगायला हवं. आज्जा सारायी प्यायचा. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी बंद झाली. त्याआधी ती पाकिटात मिळायची, दुधाच्या पिशवीसारखी. दाताने कोपरा फोडला की झालं. लहानपणी ती रिकामी पाकिटं आम्ही पावसाच्या पाण्यात सोडायचो. आज्जा मला आठवतो तो ओसरीवर झोपलेला. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, अप्पा तर नाहीच.

रात्री मुलाला झोपवून आम्ही डेकवर बसलो. मुंबईचे दिवे मागे गेले होते. मी म्हटलं, "अप्पा, चुकलं माझं. तुम्ही कशाला अंगावर घेतलं?"

ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आक्कलकोटला लग्नाला चाललो होतो. बशीत. नाक्यावर पोलीस चढले. तुझ्या आज्जाच्या पिशवीत धा-बारा पाकिटं निघाली. मारलं त्याला, सगळ्यांम्होरं."

"आणि तुम्ही?"

"मी मागच्या शिटावर जाऊन बसलो होतो. आपला नव्हंच तो, असं."

माझा फोन खिशात सारखा थरथरत होता. ग्रुपवर विचारत होते, माल सुटला का. मी फोन बंद केला. अप्पांनी विचारलं, "केवढ्याची होती रे?" मी आकडा सांगितला. ते "यप्पा" म्हणाले आणि उठले. "चल, पोरगं येकटं हाय. अन् चटणी काढ, त्या जेवणात मीठच नव्हतं."