जर्नलात न आलेली चूक

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग किंवा बीसीएसच्या विद्यार्थ्याचं प्रोग्रॅमिंगचं जर्नल उघडलं तर प्रत्येक प्रॅक्टिकल पहिल्या फटक्यात जमल्यासारखं दिसतं: उद्देश, अल्गोरिदम, प्रोग्रॅम, आउटपुट, खाली सरांची सही. लॅबमध्ये असं क्वचितच घडतं. सी भाषेत अर्धविराम राहिला की कम्पायलर पुष्कळदा पुढच्या ओळीवर बोट ठेवतो, कारण पुढचा शब्द वाचेपर्यंत त्याला घोटाळा कळतच नाही. ॲरेची हद्द एका घराने ओलांडली तर बहुतेक वेळा तक्रारही येत नाही. उत्तर आज बरोबर दिसतं, उद्या बिघडतं. संदेश कुठे बोट दाखवतो आणि दोष कुठे असतो, यातलं अंतर ओळखणं हेच पहिल्या वर्षाचं खरं शिक्षण आहे, आणि नेमकं तेच जर्नलातून गळतं. परिणामी, मित्राला जमतं आणि आपल्यालाच एरर येतात, असा गैरसमज घेऊन कित्येक मुलं या विषयातून मनाने बाहेर पडतात. याची मला खरोखर खंत वाटते. चूक पुढे नोकरीतही सुटत नाही; तिथे ती फक्त दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळींत दडलेली असते. केंब्रिजच्या एडसॅक संगणकाचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, की उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना 1949च्या सुमारास उमगलं.

जर्नलावरच्या या टीकेवर कोणी म्हणेल, हाताने कागदावर लिहिल्याने विचाराला शिस्त लागते. हे मला मान्यच आहे. डायक्स्ट्रांसारखे संगणकशास्त्रज्ञ आपली टिपणं फाउंटन पेनाने लिहायचे, आणि प्रोग्रॅम चालवण्याआधी तो बरोबर का आहे हे सिद्ध करावं, असा त्यांचा आग्रह होता. पण तो कागद प्रोग्रॅम चालवण्याआधीचा होता. आपलं जर्नल सगळं उरकल्यावर, सबमिशनच्या आदल्या रात्री, बहुधा दुसऱ्याचं बघून भरलं जातं. त्यात हात शिणतो, डोकं नाही. दुसरा आक्षेप वेळेचा: एवढ्या मुलांच्या चुका शिक्षकांनी तपासायच्या कधी? प्रत्येक प्रॅक्टिकलखाली एकच चूक चार ओळींत मागावी: काय अपेक्षित होतं, काय झालं, कारण कसं सापडलं. एकसारखे पन्नास प्रोग्रॅम चाळण्यापेक्षा हे लवकर वाचून होईल, आणि उतरवलेलं लगेच उघडं पडेल, कारण ओरलला त्याच चार ओळींवर प्रश्न विचारता येतील.