प्रवाळाचें विरजण

पोंवळें म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें बहुधा अंगठींतला तांबडा खडा उभा राहील. मंगळाची पीडा टळावी म्हणून आमच्या तीर्थरूपांनीं तसा एक आमच्याहि बोटांत घातला होता. पीडा टळली कीं नाहीं हा प्रश्न निराळा. तो खडा, खरा असेल तर, एका समुद्रजीवाचा सांगाडा असतो. आणि त्या जीवाचा एक मऊ भाऊबंद आमच्या न्यू जर्सींतील घरीं ६० लिटरांच्या कांचेच्या टांकींत नांदत आहे. दोघांचें कूळ एकच, कारण दोघांच्याहि प्रत्येक चिमुकल्या तोंडाभोंवतीं मोजून आठ भुजा असतात. शास्त्रज्ञ आमच्या पाहुण्याला सार्कोफायटॉन म्हणतात. आमची कन्या त्याला अळंबी म्हणते, आणि रूप पाहतां तेंच नांव अधिक शोभतें.

२०११ सालीं ही अळंबी इतकी फोफावली कीं तिच्या छत्राखालीं बाकीचीं प्रवाळें अंधारांत पडलीं. प्रवाळांच्या अंगांत सूक्ष्म शेवाळ राहतें व उजेडाच्या बळावर अन्न तयार करून त्यांना पुरवितें. उजेड गेला कीं भाडेकरू आणि यजमान दोघेहि उपाशी. तेव्हां कापणें भाग होतें.

"अहो, जिवंत जीव कापायचा? आणि तोहि पेन्सिलीच्या पात्यानें?"

सौभाग्यवतींचा हा प्रश्न आम्हीं टाळला खरा, पण पातें हातीं धरल्यावर तो मनांतून जाईना. टांकींतलेंच पाणी एका भांड्यांत घेऊन त्यांत छत्राच्या कडेची बोटभर फांक कापली. मऊ दिसणार्‍या त्या मांसांत चुन्याच्या बारीक सुया असतात. पातें त्यांतून करकरत गेलें. मग बुळबुळीत स्राव सुटला. तो इतर प्रवाळांना बाधतो, म्हणून फांक स्वच्छ पाण्यांत विसळून घ्यावी लागते. आम्हीं ती सुपरग्लूनें दगडाला चिकटविली. सकाळीं पाहतों तों ती पंपाच्या मागें तरंगत होती! अखेर जिनें आक्षेप घेतला होता तिनेंच गोधडीच्या सुईनें सैलसा टांका घातला. टांका ताठ बसला तर दोरा मांस कापून बाहेर येतो, हें ज्ञान आम्हांला पुढें दोन फांका गमावून झालें. मूळ अळंबी आठ दिवस रुसल्यासारखी मिटून बसली, अंगावरची मेणचट कात टाकली, आणि पुन्हां उमलली. तीन आठवड्यांत फांकेनें दगड धरला. ती आम्हीं पेनसिल्व्हानियांतील एका स्नेह्याला दिली.

२९ ऑक्टोबर २०१२ रोजीं सँडी वादळ आलें आणि आमच्या गल्लींतली वीज नऊ दिवस गेली. पंप बंद, दिवा बंद. टांकीला रजया गुंडाळल्या; पाळीपाळीनें वाटीनें पाणी ढवळलें. २५ अंशांवर राहणारें पाणी पांचव्या दिवशीं १३ वर उतरलें. सातव्या दिवशीं अळंबीचा लगदा झाला. त्या वासानें कन्या जेवली नाहीं.

आपल्याकडे विरजण नासलें तर गृहिणी शेजारीं वाटी पाठवितात. शेजारणीनें तें पूर्वीं आपल्याकडूनच नेलेलें असतें. वसंतांत आमचे स्नेही तसेच थर्मासमध्यें एक फांक घेऊन आले. "घ्या, तुमचीच आहे," असें म्हणून त्यांनीं ती हातावर ठेवली.

"तीच तर आहे," सौभाग्यवती म्हणाल्या. शास्त्रहि तेंच सांगतें. फांकेचा पिंड मूळ देहाहून तिळमात्र वेगळा नसतो.

"आई, मग तेव्हां मेली ती कोण?" कन्येनें विचारलें.

त्या कांहीं बोलल्या नाहींत. सुईंत दोरा ओंवूं लागल्या.

गेल्या महिन्यांत पुन्हां कापणी झाली. सहा फांकांपैकीं पांचांनीं दगड धरला आहे. कन्या आतां बोस्टनला असते. दोन तिच्यासाठीं ठेवल्या आहेत. त्यांतली एक तिनें दुसर्‍या कोणाला तरी द्यावी, असें तिच्या आईनें तिला आधींच बजावलें आहे.