वळणावरचीं झाडें

सरळ रस्त्याच्या कडेस समान अंतरावर झाडें लावणें हें काम कोणाहि माळ्यास सांगतां येतें. रस्ता वळला म्हणजे मात्र माळ्याबरोबर गणिताच्या शिक्षकासहि बोलवावें लागतें. यंदा आमच्या शाळेंत नेमका हाच प्रसंग आला. फाटकापासून इमारतीकडे येणारी सात मीटर रुंदीची वाट बरोबर पाव वर्तुळांत वळते. तिच्या दोन्ही कडांस कडुनिंब लावावे असें ठरलें, आणि पालकांच्या वर्गणींतून चोवीस रोपें घेण्यांत आलीं. नववीच्या वर्गांत विद्यार्थी चोवीस; प्रत्येकानें एक झाड जगवावयाचें, आणि समोरासमोरच्या दोघांनीं एकमेकांच्या गैरहजेरींत पाणी घालावयाचें, असा बेत होता. नकाशाहि त्यांनींच काढावयाचा होता.

तो त्यांनीं संगणकावर काढला. ऑटोकॅडमध्यें, २०१२ च्या आवृत्तीपासून, अशी सोय आहे कीं एक झाड काढावें, एक वक्र रेषा दाखवावी, आणि त्या रेषेवर तेंच झाड हवें तितक्या वेळां उमटवून घ्यावें. झाडांची संख्या सांगितली तर यंत्र अंतर काढतें. अंतर सांगितलें तर किती झाडें बसतील तें पाहतें. प्रत्येक प्रत रेषेबरोबर वळवावी, कीं सर्वांचीं तोंडें एकाच दिशेस ठेवावीं, हेंहि त्यास सांगावें लागतें. झाडाला तोंड नसतें म्हणून मुलांनीं हा प्रश्न सोडून दिला. परंतु अजिंठ्यास वाघोरा नदीच्या नालाकृति वळणावर कोरलेलीं सुमारें तीस लेणीं ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस तो पोकळ वाटणार नाहीं. तेथें लेण्यांचीं तोंडें दरीकडे आहेत, आणि म्हणूनच पहिल्या लेण्याची दिशा ती शेवटच्या लेण्याची नव्हे.

असो. बावीस सप्तमांश धरून हिशेब असा झाला: आंतल्या कडेची त्रिज्या ४२ मीटर, म्हणून तिची लांबी ६६ मीटर, बाहेरच्या कडेची त्रिज्या ४९, लांबी ७७. सहा सहा मीटरांवर झाड धरलें तर आंत अकरा अंतरें, म्हणजे बारा झाडें. (अंतरांपेक्षां झाड एक अधिक असतें, हें दरवर्षीं कोणीतरी विसरतेंच.) बाहेर मात्र तेरा झाडें बसून शेवटीं पांच मीटर जागा रिकामी राहते. एकूण पंचवीस, रोपें तर चोवीस! उलट दोन्हीकडे बारा-बारा लावलीं तर आंत सहा व बाहेर सात मीटर अंतर पडतें. वर्गांत दोन तट पडले. एका तटाचें म्हणणें, अंतर सारखें नसेल तर नकाशा काढला कशाला? दुसऱ्याचें म्हणणें, पंचविसावें झाड जगवणार कोण, आणि समोरासमोरचे सोबती आणावयाचे कोठून? वाद इतका वाढला कीं दोन जिवलग मैत्रिणी दोन दिवस एकमेकींशीं बोलल्या नाहींत.

त्याच आठवड्यांत वर्गाची सहल सेवाग्रामास गेली. वर्ध्याहून हें स्थान सुमारें आठ किलोमीटर. १९३६ सालीं महात्मा गांधी येथें राहावयास आले तेव्हां गांवाचें नांव सेगांव होतें. विदर्भांतीलच शेगांवाशीं घोटाळा होऊन टपाल चुके, म्हणून १९४० सालीं तें सेवाग्राम झालें. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास भरलेल्या परिषदेंत हस्तव्यवसायांतून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याचा अभ्यासक्रम आंखला, आणि आर्यनायकम् व आशादेवी या दंपतीनें सेवाग्रामांत तो चालविला. त्या योजनेंत टकळी हें केवळ सुताचें साधन नव्हतें, गणिताचेंहि होतें. योजनेंतील सर्वच गोष्टी आम्हांस पटतात असें नाहीं. बीजगणित हें बीजगणित म्हणूनहि शिकवावें असें आमचें मत आहे. परंतु त्या दिवशीं शिकविलें तें चरख्यानें.

चरख्याच्या चाकापाशीं एक मुलगी थांबली. तिचे वडील सुतार. बंड्यांचीं चाकें ते दुरुस्त करितात. ती म्हणाली, “सर, हे आरे बघा. मध्याशीं बोटभर दूर, कडेशीं वीतभर. तरी चाक कुठें वांकडें आहे?” मग तिनेंच सर्वांस समजावून सांगितलें. तुंब्याशीं आरे दाटीनें बसतात, पुठ्ठ्याशीं फांकतात. सुतार अंतर सारखें ठेवीत नाहीं, कोन सारखा ठेवतो. त्रिज्येइतका उघडलेला परकार वर्तुळावर सहा वेळां फिरविला कीं तो जेथून निघाला तेथेंच येतो, आणि प्रत्येक भागाचे दोन केले कीं बारा आऱ्यांच्या जागा मिळतात. येथें मात्र अंतरेंहि बारा व आरेहि बाराच, कारण चाकास आरंभ नाहीं नि शेवट नाहीं. आमच्या वाटेची आंतली कड म्हणजे तुंबा व बाहेरची कड म्हणजे पुठ्ठा, हें आम्हांस सांगावें लागलें नाहीं. परततांना त्या दोन मैत्रिणी एकाच बाकावर बसल्या होत्या.

नकाशा आतां बारा-बाराचा झाला आहे. वळणाचें केंद्र आमच्या खेळाच्या मैदानांत येतें. तेथें खुंटी ठोकून दोरी ताणली कीं आंतल्या प्रत्येक खुंटीवरून सरळ सात मीटर पुढें बाहेरची खुंटी येते. आंतल्या कडेवर सहा मीटरांची दोरी सरळ जाते, यंत्र मात्र वळणावरून मोजतें. पण हा फरक एका अंतरास सुमारें अर्धा सेंटिमीटर आहे, आणि कडुनिंब तो मनावर घेणार नाहीं. खड्डे मृगापूर्वीं खणावयाचे आहेत. बाहेरच्या सातव्या खुंटीखालीं मुरूम लागला आहे. तेथें पहार लागेल. ज्या पालकांकडे ती असेल त्यांनीं शनिवारीं पाठवावी.