वळणावर उभा राहिलेला बाप

राय हाऊस हा लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशायरमधल्या हॉडस्डनजवळचा जुना कार्टिंग ट्रॅक. १९९०च्या दशकात अँथनी हॅमिल्टन आपल्या मुलाला तिथे घेऊन यायचा आणि स्वतः वळणावर जाऊन उभा राहायचा. सगळ्यांत वेगवान पोरगा नेमका कुठे ब्रेक मारतो, हे आधी बघून घ्यायचा. मग त्याच्या थोडं पुढे उभा राहून आठ-नऊ वर्षांच्या लुईसला सांगायचा, तुझा ब्रेक इथे. सुरुवातीला लुईस घसरायचा, ट्रॅकबाहेर जायचा. बाप जागा बदलायचा नाही.

मी कोल्हापुरात मुलांना कार्ट चालवायला शिकवतो. लुईस हॅमिल्टन पुढे सात वेळा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. छोट्यांच्या कार्टला गिअर नसतात. इंजिन साधारण ६० सीसीचं आणि नियमानुसार सगळ्यांचं सारखं, त्यामुळे सरळ पट्टीवर कुणी फारसं पुढे निघून जात नाही. ब्रेक फक्त मागच्या आसाला. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर जखडलेली, त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. वळताना आतलं मागचं चाक क्षणभर हलकं झालं नाही, तर कार्ट वळायलाच तयार होत नाही. ब्रेक लवकर मारला की वेग मरतो, आणि एवढ्याशा इंजिनाला तो परत कमवायला पुढची सगळी पट्टी लागते. फार उशिरा मारला की मागची चाकं लॉक होऊन कार्ट गर्रकन फिरते. या दोन्हींच्या मधली जागा हातभराची. सीटवर बसलेल्या पोराला ती दिसत नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसते, पण तो खरंच बघत असला तर.

अँथनीच्या घराण्यात रेसिंग नव्हतं. त्याचे आई-वडील १९५०च्या दशकात कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरून इंग्लंडला आलेले. लुईसचा जन्म १९८५चा, स्टीव्हनेजमधला. तो दोन वर्षांचा असताना आई-वडील वेगळे झाले आणि बाराव्या वर्षापर्यंत तो आई कार्मेनजवळ वाढला. पाचव्या वर्षी वडिलांनी रिमोटवरची खेळण्यातली गाडी दिली. तिच्या शर्यतींत हा चिमुरडा मोठ्या माणसांना हरवू लागला, तेव्हा पुढच्या नाताळात कार्ट आलं. त्यासाठी अँथनीने एका वेळी तीन-चार कामं केली: खिडक्यांच्या दुहेरी काचा विकल्या, भांडी घासली, घरांसमोर ‘विकणे आहे’च्या पाट्या ठोकल्या. मुलाला अट एकच, शाळेत कष्ट करायचे.

वेगळ्या राहणाऱ्या बापाबरोबर ट्रॅकवर घालवलेला दिवस त्या मुलासाठी नुसता सरावाचा नसणार, असं मला नेहमी वाटतं. दर फेरीला त्याच वळणावर तोच माणूस आपल्याकडे बघतोय, हे त्याला ठाऊक होतं. हेल्मेट पिवळं होतं, तेही गर्दीत बापाला आपला पोरगा पटकन ओळखू यावा म्हणून. लुईसचा आवडता ब्राझिलियन ड्रायव्हर आयर्टन सेनाही पिवळंच घालायचा, हा आनंद वेगळा. कार्टिंगच्या त्या जगात काळी कुटुंबं जवळजवळ नव्हतीच. टोमणे, शिव्या ऐकाव्या लागल्या. जे बोलायचं ते ट्रॅकवर, ही अँथनीची शिकवण. दहाव्या वर्षी लुईसने ब्रिटनचं कॅडेट कार्टिंग विजेतेपद मिळवलं, तेराव्या वर्षी फॉर्म्युला वनमधल्या मॅक्लारेन संघाने त्याला आपल्या छत्राखाली घेतलं.

पुढे जगज्जेता झालेल्या मिखाएल शूमाखरचं जर्मनीतल्या केर्पेनमधलं घरही तसंच साधं. वडील रॉल्फ गवंडी. चार वर्षांच्या मिखाएलच्या पायडलच्या कार्टला त्यांनी मोटारसायकलचं छोटं इंजिन जोडलं, आणि पोराने ते दिव्याच्या खांबावर नेऊन आदळलं. म्हणून त्याला क्लबच्या ट्रॅकवर नेलं. पुढे वडील तिथे कार्ट दुरुस्त करत, आई एलिझाबेथ कॅन्टीन सांभाळे. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या भागांतून बापाने कार्ट बांधून दिलं. तरी नव्या इंजिनाचे ८०० मार्क परवडेनात, तेव्हा गावातले व्यावसायिक मदतीला आले. पैशावाचून हा खेळ होत नाही, आणि आपल्याकडेही याच कारणाने चांगली मुलं थांबतात. याचं मला फार वाईट वाटतं.

पण पैसा असलेल्या घरात सगळं सुरळीत होतं असंही नाही. साव पावलोतल्या सेनाचं कुटुंब सधन. त्याचं पहिलं कार्ट वडिलांनीच बनवलं, चार वर्षांच्या मुलासाठी. त्याच घराच्या आग्रहावरून १९८१च्या अखेरीस, इंग्लंडमध्ये फॉर्म्युला फोर्ड जिंकून, तो घरचा धंदा बघायला परत गेला होता. त्याचं मन लागलं नाही, १९८२मध्ये तो पुन्हा इंग्लंडला आला. आपला नरेन कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. त्याचे वडील स्वतः राष्ट्रीय रॅली विजेते. त्या घरात हे वेड कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

माझ्याकडे येणारे पालक बहुतेक अंतिम रेषेजवळ मोबाईल धरून उभे असतात. मी त्यांना हेअरपिनच्या तीव्र वळणापाशी नेतो. लॅप टाइम मी देईन, म्हणतो, तुम्ही फक्त ब्रेक कुठे पडतो ते बघा. एका बाईंनी महिनाभर नुसतं तेवढंच केलं. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. पण आपल्या मुलीचं मागचं चाक केव्हा लॉक होणार, हे त्या आता माझ्याआधी सांगतात. मुलगी कार्टमधून उतरली की आधी त्यांच्याकडे जाते, मग माझ्याकडे. हे मला योग्यच वाटतं.

वळणावरून बाजूला कधी व्हायचं, हे मात्र मला कुणाला शिकवता आलेलं नाही. अँथनी मुलाचा व्यवस्थापक म्हणून २००८च्या जगज्जेतेपदापर्यंत, आणि त्यानंतरही, सोबत होता. २०१०मध्ये दोघांनी ते काम वेगळं केलं. त्या दुराव्याने दोघंही दुखावले असणार. अँथनीचा धाकटा मुलगा, लुईसचा सावत्र भाऊ निकोलस, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी घेऊन वाढलेला. त्याच्यासारखी जिद्द आपण कुणात पाहिली नाही, असं लुईस सांगत आला आहे. २०११मध्ये निकोलसही शर्यतीत उतरला, आणि २०१५मध्ये ब्रिटिश टूरिंग कारच्या स्पर्धेपर्यंत पोचला.