नात, नाटक आणि नॉमिनी

दिवाळीत नात पुण्याहून कुंभारवाड्याला आली होती. आमच्याकडे रेंज येते ती मागच्या फणसाखाली, म्हणून तिथेच खुर्च्या टाकून आमची बैठक. ती 'सबर बोंडं'चं सांगत होती. रोहन कानवडे यांचा मराठी सिनेमा, 2025 साली अमेरिकेत सनडान्सला मोठं बक्षीस मिळालेला. वडील वारल्यावर मुंबईचा पोरगा दहा दिवसांसाठी गावी येतो आणि तिथल्या लहानपणच्या मित्रावर त्याचा जीव जडतो.

"सुतकात?" मी म्हटलं.

"आजोबा, तुम्हाला खटकलं काय, तर सुतक!" पोरगी हसून हसून बेजार.

मग मीही गुपित फोडलं. 1970 च्या सुमारास जत्रेतल्या नाटकाला बायका मिळत नसत. नायिका मी! वहिनीचं लुगडं, गंगावन, सगळं.

"म्हणजे तुम्ही ड्रॅग क्वीन!"

म्हटलं, अगं, बालगंधर्वांचं बघून घरंदाज बायका साडी नेसायच्या, तेव्हा हा शब्द कुणाला ठाऊक होता? मी मात्र पदर सावरताना संवाद विसरायचो. तुझ्या आजीनं ते नाटक पाहिलेलं, तरी लग्नाला हो म्हणाली.

ती जरा गप्प झाली. "आजोबा, माझी रूममेट आहे ना, ती नुसती रूममेट नाही."

"ते गणपतीतच कळलं. सदतीस वर्षं सह्या पडताळल्यात मी."

"मग जॉइंट खातं निघेल आमचं?"

आता विषय माझा होता. निघतं की! 28 ऑगस्ट 2024 ला अर्थ मंत्रालयानं तसं स्पष्टच सांगितलंय. एकमेकींना नॉमिनीही करता येतं.

बोलता बोलता एक जुनं गिऱ्हाईक आठवलं. दोघे मित्र, वीस वर्षं एका घरात. एक वारला, दुसरा पासबुक घेऊन काउंटरवर आला. नॉमिनीचा रकाना कोरा. "आपण त्यांचे कोण?" मी विचारलं. "सोबत राहायचो," म्हणाला. पैसे पुतण्याला गेले. नियमानं बरोबरच होतं ते. पण दोघे मिळून बँकेत यायचे तेव्हा नॉमिनीचं मी कधी सुचवलं नाही, आणि त्यांची पाठ वळली की स्टाफबरोबर मीही हसायचो. हे नातीला सांगितलं. ती काही बोलली नाही.

थोड्या वेळानं मी म्हटलं, फॉर्मवर नॉमिनीशी नातं विचारतात, पण पुढे 'असल्यास' छापलेलं असतं. कोरं ठेवलंस तरी चालेल.

"कोरं कशाला ठेवू?" ती म्हणाली.

तिच्या आजीला अजून सांगायचंय. ते काम माझ्या गळ्यात पडलंय. म्हणतोय, आधी सिनेमा दाखवावा.